स्वेटर उसवणारा कॉम्प्युटर

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. विश्वास ठेवणाऱ्यांना गोष्ट सांगण्यात मजा नसते. ते मान डोलावतात आणि मध्येच डुलक्या काढतात. शंका घेणारा माणूस शेवटपर्यंत जागा राहतो. आमची ही त्यातलीच. समोरच्या खुर्चीत लोकरीचा गुंता सोडवत बसली आहे, आणि मी तोंड उघडल्याबरोबर तिनं चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघून घेतलं आहे. बघू दे.

तर आमच्या घरच्या कॉम्प्युटरनं एका दुपारी माझ्या अंगातला स्वेटर खाल्ला. अंगात असताना.

त्याआधी हिचं सांगायला हवं. ही विणते. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, आमच्या मावशीही विणतात. पण मावशी दुसऱ्याचं बघून विणत असणार. हिचे नमुने हिच्या डोक्यातून निघतात. हिनं विणलेली वेणी बघितली की वाटतं, कोणीतरी पोरगी स्वेटरच्या आत पाठमोरी बसली आहे. पूर्वी हे सगळं चौकटीच्या कागदावर असायचं. एक चौकोन म्हणजे एक टाका. पुढे डोळे थकले, चौकोन दिसेनात, तेव्हा कॉम्प्युटर घरात आला. त्यात चौकोन हवा तेवढा मोठा करता येतो. हिनं वर्षानुवर्षांचे नमुने एकेक करून त्यात चढवले. मागे उरलं कागदांचं गाठोडं. त्याला वाळवी लागली, तेव्हा मीच म्हणालो की टाकून दे, मशीनमध्ये आहे ना सगळं. मी शहाणपणाचं बोललो की घरावर काहीतरी येतंच.

मग लोकरीचा एक घाऊक व्यापारी हिच्या मागे लागला. त्याला या नमुन्यांचं पुस्तक छापायचं होतं, वर हिचं नाव घालून. आजवर हिचं नाव छापून आलं होतं ते लग्नाच्या पत्रिकेत, तेही माझ्या नावाखाली. आठवडाभर ही घरात गुणगुणत होती. गाणं कुठलं ते कळत नव्हतं, पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबली असती. त्या दिवशी जेवण झाल्यावर ही त्या व्यापाऱ्याच्या दुकानी गेली. जाताना म्हणाली, संध्याकाळी त्यांना चहाला घेऊनच येते, नमुने दाखवायचे आहेत, तोवर तुम्ही कॉम्प्युटरला हात लावू नका. मी कबूल झालो.

आणि मी हात लावला नाही. मी धूळ पुसत होतो.

इथं ही खाकरली. खाकरू दे, हवा कोरडी आहे.

पडद्यावर बरेच दिवस एक चौकट यायची: सिस्टिमची नवी आवृत्ती तयार आहे, आता चढवू की नंतर? ही रोज 'नंतर' दाबायची. त्या दुपारी फडकं माउसवरून जरा जोरात फिरलं असेल, बस. पडदा काळा झाला, मधोमध ठिपक्यांचं एक वर्तुळ गरगरू लागलं, खाली टक्के, आणि त्याखाली एकच ओळ: कॉम्प्युटर बंद करू नका.

आयुष्यात मला खूप जणांनी खूप गोष्टींची मनाई केली आहे, पण इतक्या शांतपणे कोणी केली नव्हती. ओरडणाऱ्याची भीती वाटत नाही. हे ठिपके गप्प फिरत होते आणि टक्के चढत होते. मी हात मांडीवर ठेवून बसलो, दवाखान्याच्या बाहेर बसतात तसा.

टक्के चढता चढता थांबले. ठिपके फिरत होते, आकडा हलत नव्हता. मला वाटलं, दम खात असेल. तो तिथंच. आणि मग आकडा उतरू लागला. खाली. जिना चढलेला माणूस पाठमोरा उतरावा तसा, एकेक. पडद्यावर लिहून आलं की केलेले बदल मागे घेतले जात आहेत.

त्याच वेळी माझ्या कमरेला कोणीतरी ओढलं.

मी मागे बघितलं. खोलीत कोणी नव्हतं. खाली बघितलं, तर स्वेटरच्या काठातून लोकरीचा एक धागा सुटला होता, टेबलाखालून गेला होता, आणि कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागच्या जाळीतून आत, पंख्यात शिरत होता. ताठ, वीणेच्या तारेसारखा. एक टक्का उतरला की स्वेटरची एक ओळ उसवायची. तो सगळा काठ माझ्या डोळ्यांदेखत गेला. पोटाला गार हवा लागली.

आधी मला वाटलं, धागा पंख्यात अडकला असेल. असं होतं. पण मग खुंटीवरचे नातवाचे पायमोजे हलले. सोफ्याच्या पाठीवरची शाल कण्हल्यासारखी सरकली. दोघांतून एकेक धागा सुटून जमिनीवरून सरपटत आला, घाई नाही, गडबड नाही, आणि माझ्या पायावरून डब्याकडे गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. पायमोजे, शाल, स्वेटर, सगळं हिच्या नमुन्यांवरून विणलेलं. आत नमुना पुसला जात होता, म्हणून बाहेर वीण उसवत होती.

स्वेटरचं मला काय? मी उघडा बसेन. पण हिच्या डोक्यातून एकेका वर्षानं निघालेल्या त्या वेण्या, त्या जाळ्या, दुसरीकडे कुठंही नव्हत्या. गाठोडं मीच टाकायला लावलं होतं.

मी कात्री उचलली आणि परत ठेवली. धागा कापला आणि आतला नमुना अर्धाच राहिला तर? डब्याची वायर ओढावी, तर 'बंद करू नका'. शेवटी धागा मुठीत धरला. त्यानं मला खुर्चीसकट टेबलाकडे ओढलं.

तेवढ्यात खिडकीत शेजारचे हेडमास्तर दिसले. निवृत्त झाले तरी मुलं त्यांना बघून शर्ट खोचतात, असे गृहस्थ. ते चालत येत नव्हते, त्यांना आणलं जात होतं. गळ्यात हिनं विणलेला मफलर होता, आणि त्याचं टोक आमच्या खिडकीतून आधीच आत आलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी गळ्याजवळ मफलर धरून ठेवला होता, चेहरा जांभळा पडला होता, तरी आवाज वर्गातलाच. म्हणाले, "तुमच्या घरात काय चाललंय, याचं मला लेखी उत्तर पाहिजे."

मी म्हटलं, मास्तर, उत्तर नंतर देतो, आधी आत या, नाहीतर गळफास बसेल. ते खिडकीतूनच आत आले. त्यांनी यायचं ठरवलं होतं असं नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, कारण फोन उचलला की तो पहिलं विचारतो, कधीपासून होतंय? मी लक्षणं सांगितली. लोकरीचं नाही सांगितलं. माणूस फोन ठेवून देतो. एवढ्यात डबा आपोआप बंद पडून चालू झाला. ठिपके, काळोख, परत ठिपके, परत काळोख. डॉक्टर म्हणाला, आता हे असंच चालत राहणार, पेशंट शुद्धीवर यायचा नाही, नवी सिस्टिमच टाकावी लागेल. मागच्या खेपेस तो एक पेन ड्राइव्ह ठेवून गेला होता, त्यात ती होती. तो खोचायचा, डबा चालू होताना वरच्या रांगेतलं एक बटण दाबत राहायचं, म्हणजे तो आतल्या डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवरून उठतो.

पहिल्यांदा घाईत शेजारचंच बटण दाबलं गेलं. ठिपके. माझी एक बाही कोपरापर्यंत गेली. दुसऱ्यांदा मास्तरांनी माझं बोट धरून दाबायला लावलं, पाटीवर अक्षर गिरवून घेतात तसं. या वेळी निळा पडदा आला. भाषा विचारली, अटी मान्य आहेत का विचारलं. माझी काय टाप होती अमान्य म्हणायची?

आणि मग तो पडदा आला, ज्यासाठी मी ही गोष्ट सांगतो आहे.

आमच्या डिस्कचे दोन कप्पे केलेले होते. पडद्यावर ते दोघे एकाखाली एक उभे होते. नाव नाही, गाव नाही. आकारानं जुळे भाऊ. मी डॉक्टरला विचारलं, पुढे? तो म्हणाला, एकात सिस्टिम आहे आणि एकात तुमचा माल. सिस्टिमचा कप्पा निवडून पुसून टाका आणि त्यावर नवी चढवा. मालाच्या कप्प्याला हात लावू नका, तो पुसला की गेला, मग मीही काही करू शकणार नाही.

"कुठला कप्पा कुठला?" मी विचारलं.

"काका, घर तुमचं. ते मला कसं माहीत असणार?"

खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. बाहेर उन्हं उतरली होती. ही एव्हाना दुकानातून निघाली असणार; त्या माणसाला रस्ताभर सांगत असणार, ती मोराच्या पिसाऱ्याची जाळी बघा, ती मला सुचली तेव्हा मी तापानं पडले होते. आणि इकडे तिचं सगळं आयुष्य दोन बिननावाच्या ओळींपैकी एका ओळीत होतं, आणि बोट माझं होतं. मला घाम फुटला, आणि घामानं धागा ओला होऊन मुठीतून जास्तच सुटू लागला. मास्तर पुटपुटले की आयुष्यभर मुलांना 'अंदाजे उत्तर लिहू नका' असं सांगत आलो. मी म्हटलं, मास्तर, आता गप्प बसा.

मी बाण वरच्या कप्प्यावर नेला. नुसता नेला, दाबलं नाही. माझ्या छातीवरचा धागा जोरात खेचला गेला. मास्तरांची जीभ बाहेर आली. बाण खालच्यावर नेला. धागा सैल. मास्तरांनी श्वास घेतला. पुन्हा वर: फास. पुन्हा खाली: सैल. मास्तर हातानं विनवू लागले की एकदा पडताळून झालं, आता पुरे.

म्हणजे माल वर होता. लोकर आपल्या माणसाला ओळखते. मी खालचा कप्पा निवडला, 'पुसा' दाबलं, पडद्यानं विचारलं, नक्की? मी डोळे मिटले आणि दाबलं.

पंखा थांबला. इतकी शांतता झाली की मला माझेच दात वाजलेले ऐकू आले. आणि मग पंखा उलटा फिरू लागला. जाळीतून धागा बाहेर आला, गरम, जरासा करपल्याच्या वासाचा. नव्या सिस्टिमचा एकेक टक्का चढला की स्वेटरची एक ओळ परत विणली जायची, सुया नाहीत, हात नाहीत, उलट सुलट उलट सुलट, पोटावरून छातीवर, छातीवरून खांद्यावर. पायमोजे भरले. शाल सोफ्यावर जाऊन बसली. मास्तरांच्या मफलरमध्ये नातवाच्या पायमोज्याचा एक लाल पट्टा चुकून गेला, पण घाईत एवढं होतंच. ते दारातून गेले, माणसासारखे.

दारावर टकटक झाली तेव्हा पडद्यावर कुठल्यातरी डोंगराचं चित्र आलं होतं. ही आत आली, मागून व्यापारी. मी हातानं दाखवलं, बसा. वरचा कप्पा उघडला. आत सगळे नमुने, ओळीनं, मोरासकट, एक टाका इकडचा तिकडे नाही. व्यापाऱ्यानं हात जोडले. त्याच पुस्तकाची प्रत त्या कपाटात आहे, वर हिचं नाव आहे, खोटं वाटत असेल तर काढून बघा, पुरावा आणखी काय...

"अहो, पुरे," ही म्हणाली. गुंता तिनं मांडीवर ठेवला होता. "कप्पा तुम्ही माझाच पुसलात. त्या बिचाऱ्या माणसाला मी दारातूनच परत पाठवलं. मग घरातलं एकेक विणकाम मी या हातांनी उसवलं, ओळ ओळ मोजत, आणि मोजून परत कागदावर काढलं. मास्तरांकडून मफलर मागून आणला, तोही उसवला. दोन हिवाळे गेले त्या पुस्तकापायी. आणि तुम्ही माझ्यासमोर उघड्या अंगावर चादर घेऊन बसायचात आणि सुटलेली लोकर गुंडाळायचात, आणि तेव्हा तुमच्या तोंडून एक गोष्ट निघत नव्हती."