ऑगस्टसाठी छाटलेली बाग

माझी आई, हेस्टर, फक्त फुललेली झाडं विकत घेते. मे संपत आला की आम्ही रोपवाटिकेत जातो, ती फुलं बघते, ट्रॉली भरते. ही झाडं एकदा लावली की दरवर्षी आपली आपण वर येतात, त्यामुळे तिची चूकही दरवर्षी वर येते. जूनमध्ये बागेत पाय ठेवायला जागा नाही. जुलैनंतर नुसता पाला.

"आई, एखादं ऑगस्टमधलं घे. एखादं थंडीतलं."

"आत्ता फूल नाही म्हणजे तो पालाच. पाला कोण विकत घेतं?"

आमच्या गावात वर्षातून एका रविवारी लोक आपापल्या बागा उघड्या ठेवतात. अख्खं गाव वाकून वाकून बघतं, मग हॉलमध्ये चहा-केक. कुणाच्या बागा उघडायच्या ते ठरवणाऱ्या समितीने आईला कधी विचारलं नव्हतं. शेजारचे नेव्हिल ट्रबशॉ समितीत आहेत. यंदा विचारलं. आई दिवसभर गप्प होती, म्हणजे फार खूश होती. मग निरोप आला: जूनमध्ये हॉलचं छप्पर काढणार, म्हणून बागा ऑगस्टला.

"मेअखेर अर्धी छाटली तर उशिरा फुलतात," मी म्हणालो. आमच्याकडे सगळेच छाटतात, पण थोडी. आईच्या हातात कात्री आली आणि ती थांबेना. फ्लॉक्स, यारो, कॅम्पॅन्युला, सगळं.

"पिओनी नको, ती छाटली की त्या वर्षी परत फुलत नाही."

"आधी सांगायचं ना." कळ्या बादलीत पडल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात नेव्हिल भिंतीवरून डोकावले. "हेस्टर, छप्परवाला म्हणतोय, ऑगस्टलाच येतो. तेव्हा बागा परत जूनला."

"बरं," आई म्हणाली. आत जाऊन तिने ओटा पुसला. मग परत पुसला.

"यादीतून नाव काढायला सांगू?" मी विचारलं.

"इतक्या वर्षांनी विचारलंय. उघडायची."

त्या रविवारी लोक आले आणि फार सभ्यपणे वागले. एक बाई म्हणाल्या, "हिरव्यात किती प्रकार असतात, नाही?" दुसऱ्यांनी पाण्याच्या झारीचं कौतुक केलं.

नेव्हिलनी विचारलं, "गोगलगायींनी खाल्लं का?"

"नाही. मी कापलं. ऑगस्टला फुलेल."

"तेव्हा कोण बघणार?"

आईने त्यांना केक दिला.

ऑगस्टमध्ये सगळं एकदम फुललं, पिओनी सोडून. एका रविवारी आईने फाटक उघडलं, टेबल मांडलं, किटली ठेवली. सांगितलं कुणालाच नाही. दुपारपर्यंत आम्ही दोघंच बसलो होतो. मग नेव्हिल आले. त्यांची बाग तोवर करपून गेली होती. फ्लॉक्ससमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"उशीर झाला जरा," ते म्हणाले.

"नाही. तुम्ही लवकर आला होतात."

ते फाटकातून बाहेर पडले. थोड्या वेळाने बायकोला घेऊन आले, मागून समितीतले उरलेले. आईने किटलीत आणखी पाणी ओतलं.