वरचा पुढचा दात

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या डेंटल कॉलेजात नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. खोटं नाही ते. 'साधारण', 'अंदाजे', 'बहुतेक' हे शब्द कानावर पडले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझं काम लहान मुलांच्या जबड्यांचे एक्स-रे वाचायचं. दुधाच्या दातांमागे पक्के दात हाडात कसे तयार होतात, मूळ किती लांब झालं की दात हिरडीबाहेर येतो, यावर मी बरीच वर्षं अभ्यास केला. दाताची तक्रार घेऊन मूल यायचं, एक्स-रे निघायचा, आईवडील हो म्हणाले तर तो आमच्या अभ्यासात जायचा. आत येताना त्याच्यावरचं नाव कापायचं आणि आकडा घालायचा. कुठला आकडा कुठल्या मुलाचा, याचा मागमूस ठेवायचा नाही. तो नियम मीच केला होता आणि त्यात मी कुणाचं ऐकलेलं नाही.

एका दुपारी एक माणूस माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती, म्हणजे शिंपी असणार आणि दुकानातून तडक उठून आलेला.

"मॅडम, माझी मुलगी तुमच्याकडे आली होती. जबड्याचा एक्स-रे काढायला. दीड वर्ष झालं."

"मग तिला आणायचं की बरोबर. तुमच्याकडे बघून मी काय सांगणार?"

"ती गेली, मॅडम."

मी हातातलं पेन खाली ठेवलं आणि त्यांना बसायला सांगितलं.

ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि मोजपट्टी बोटाला गुंडाळत सोडत बोलू लागले. मुलीचं नाव सांगितलं. ती दुसरीत होती. वरचे पुढचे दोन्ही दुधाचे दात पडले होते आणि नवे यायचं नाव घेत नव्हते. शाळेतली पोरं तिला 'खिडकी' म्हणायची. तेव्हापासून तिने तोंड उघडून हसणं सोडलं होतं, फोटोतसुद्धा ओठ घट्ट. म्हणून ते तिला आमच्याकडे घेऊन आले होते. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी ताप आला, तो मेंदूत गेला, आणि आठवडाभरात सगळं आटोपलं.

"शेवटच्या संध्याकाळी ती आईला म्हणाली, 'आई, मोठा दात आला. जिभेला टोचतोय. बघ ना.' हिच्या डोळ्याला किती दिवस डोळा लागला नव्हता. नर्स सलाईन बदलत होती, खोलीतला दिवा कमी केला होता. ही म्हणाली, 'उद्या बघू हं, झोप आता.'" ते थांबले. "सकाळी तोंड बांधूनच हातात दिली तिला. काही उरलंच नाही बघायला."

"तेव्हापासून हिचं एकच चाललंय. दात आला होता का? मी म्हणतो, नव्हता गं आला, तापात बडबडत होती पोर. तर म्हणते, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? दातांच्या मॅडमनी एक्स-रे दाखवून सांगितलं तरच मानेन. मॅडम, एवढं एक करा. तिला सांगा, नव्हता आला. तिच्या जिवाला लागलेला घोर तरी सुटेल."

"एक्स-रे सापडायचा नाही," मी म्हटलं. "त्याच्यावर नाव ठेवलेलं नसतं. शेकड्यांनी आहेत तसे."

"मग कुठल्याही पोराचा दाखवा. तिला काय कळणार? मला तरी कुठे कळतंय?"

माझा पारा चढला. "एका आईला मी दुसऱ्याच मुलाचे दात दाखवू? आणि वर खोटं बोलू? तुम्ही मापं दुसऱ्याची घेऊन कपडे शिवता का?"

आवाज इतका चढला की एक्स-रे काढणारे आमचे मामा दारातून डोकावून गेले. शिंपी उठून उभे राहिले. राग नाही, लोभ नाही, नुसते दमलेले दिसत होते.

"चुकलं माझं. तुमच्याबद्दल पोरीचं फार चांगलं मत होतं हो. पहिल्यांदा मशीन फिरताना ती हलली, एक्स-रे वाया गेला. दुसरा काढावा लागला. मला वाटलं आता तुम्ही खाऊ की गिळू करणार. तर तुम्ही तिला म्हणालात, 'दात आहेत आत, मी बघितलेत.' घरी येऊन अख्ख्या गल्लीला सांगत सुटली, मॅडमनी माझे मोठे दात बघितले म्हणून."

त्यांनी टेबलावर दुकानाचं कार्ड ठेवलं आणि जाता जाता म्हणाले, "तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. केव्हाही पाठवून द्या."

मला ती मुलगी आठवत नव्हती. 'दात आहेत आत' हे मी प्रत्येकच मुलाला सांगते. नाहीतर ती रडतात आणि रडणारं मूल हलतं.

त्यानंतरच्या आठवड्यात माझा एक ठरलेला तास होता: बिघडलेले एक्स-रे. दरवर्षी घेते. वाया गेलेल्या एक्स-रेंचा एक गठ्ठाच मी शिकवायला बाजूला ठेवलाय. मान वाकडी ठेवलेला, कानातलं काढायचं राहिलेला, सगळे नमुने. त्यातला गेल्या वर्षापासून सगळ्यांचा लाडका म्हणजे खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला मोठी पायरी पडलेला. हे मशीन डोक्याभोवती सावकाश फिरतं. तेवढा वेळ मुलाने दातांत काडी धरून गप्प उभं राहायचं असतं. मध्येच हललं की तिथलं हाड मोडल्यासारखं दिसतं. विद्यार्थी हमखास फसतात.

"फ्रॅक्चर!" सगळे ओरडले.

"हाड नाही मोडलं, शिस्त मोडली," मी दरवर्षीचं वाक्य टाकलं. वर्गाने दात काढले.

आणि माझी नजर वर गेली. त्या एक्स-रेत वरचे पुढचे दोन्ही दुधाचे दात नव्हते.

वाया गेलेला एक्स-रे अभ्यासात जात नाही. म्हणजे त्याच्यावरचं नाव कुणी कापलेलं नसणार. वर्गात दाखवायचा म्हणून मीच कधीतरी त्याच्यावर काळी पट्टी चिकटवली होती, तेवढंच. मी तास तिथेच सोडला. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. खोलीत येऊन दार लावलं आणि नखाने पट्टी उचकटली. शिंप्यांनी सांगितलेलंच नाव होतं.

मग मी तो वाचला. भिंग घेतलं, मोजायची पट्टी घेतली. पायरी डाव्या बाजूला होती, वरचा उजवा पुढचा दात मात्र लख्ख दिसत होता. मूळ दोन तृतीयांशाच्याही पुढे गेलेलं. दाताच्या टोकासमोर हाडाचा पापुद्रासुद्धा उरलेला नव्हता, होती ती फक्त हिरडी. असा दात थांबत नाही. दुसऱ्या कुठल्याही मुलाबद्दल कुणी विचारलं असतं, तर दोन-अडीच महिन्यांत हा बाहेर येणारच, असं मी तोंडावर सांगितलं असतं.

पोर खरं बोलत होती.

मला खूप वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी चिडते, आणि त्या दिवशी चिडायला कुणी सापडत नव्हतं. शेवटी कार्डावरचा नंबर फिरवला. पलीकडे शिलाईमशीन चालू होतं.

"सापडला," मी म्हटलं.

मशीन बंद झालं. "काय दिसतंय?"

"घेऊन या त्यांना."

"मॅडम, काय दिसतंय?"

"घेऊन या," मी पुन्हा तेच म्हटलं, आणि त्यांना कळायचं ते कळलं. म्हणाले, "तसं असेल तर मी हात जोडतो. ते तुमच्यापाशीच राहू द्या. तिला नका सांगू. ती आधीच अर्धी झालीय."

मी ठाम नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते." उभ्या आयुष्यात इतकं मोघम उत्तर मी कुणाला दिलं नसेल.

ती दोघं आली तेव्हा मी वाक्य पाठ करून बसले होते: दात अजून हाडातच होता, बाई, वेळ होता त्याला. फार मोठं वाक्य नाही. आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं, आणि बरं जमलं होतं. पुरावा कुणी मागणार नव्हतं. आणि एक बाई सुखाने झोपली असती.

आई अंगाने बारीक होती, पण नवऱ्याच्या पुढे चालत आली. मामांनी न सांगता चहा आणून ठेवला आणि दार ओढून घेतलं. मी व्ह्यू बॉक्सचा दिवा लावला आणि एक्स-रे वर चढवला. शिंपी दाराशीच थांबले, माझ्याकडे बघत. त्यांचं ते बघणं मला सहन होईना.

मी दाखवायला लागले. हे दुधाचे दात. आणि त्यांच्या मागे, हाडात, हे पक्के. एकामागे एक दाटीने बसलेले, एवढ्याशा जबड्यात.

"एवढे सगळे?" दाराशी उभे असलेले शिंपी नकळत पुढे आले. "वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवताना आम्ही आत कापड दुमडून ठेवतो, तसं झालं की हे." बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच सोसेना. तोंड फिरवून उभे राहिले.

"ही पायरी कसली?" आईने विचारलं.

"तिथे ती हलली."

"मला नव्हतं जाता आलं त्या दिवशी." ती त्या जागेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही सांगायच्या आधी मी का विचारतेय ते ऐका. ह्यांना वाटतं, मी दात बघितला नाही म्हणून स्वतःला खाते. खातेच मी. पण मला विचारायचंय ते वेगळं आहे."

मी पाठ केलेलं वाक्य तोंडात धरून बसले होते.

"दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दुपारपासून तिला शुद्ध नाही. ती कुणाला ओळखत नाही, बोलतेय ती तापातली बडबड, मनावर घेऊ नका. आणि संध्याकाळी ती मला म्हणाली, आई, दात आला. आता दात आलाच नसेल तर ती बडबड. मग 'आई' म्हणाली तीही बडबडच. मग माझी पोर मला न ओळखताच गेली." तिचा आवाज कुठे हलला नाही. "पण आला असेल, तर ती शुद्धीत होती. माझ्याशी बोलत होती. मला फक्त एवढं कळायला हवंय."

मी शिंप्यांकडे बघितलं. ते आता माझ्याकडे बघत नव्हते.

"अगं, हे तू मला कधी बोलली नाहीस..."

"तुम्ही बोलू दिलंत? मी तोंड उघडलं की तुमचं आपलं 'नव्हता आला, नव्हता आला'."

पाठ केलेलं वाक्य मी गिळलं.

"आला होता," मी म्हणाले. "हा बघा. याच्यासमोर हाड उरलेलं नाही. इतका पुढे आलेला दात तेवढ्या दिवसांत बाहेर आला नाही, असं मूल मी बघितलेलं नाही. आणि नव्या दाताची कड गुळगुळीत नसते. करवतीसारख्या बारीक खाचा असतात तिला. जिभेला टोचतात."

"टोचतोय म्हणाली होती."

"हो. हे तापात सुचत नाही कुणाला. तिला ते लागलं, म्हणून तिने तुम्हाला सांगितलं."

बाईच्या चेहऱ्यावर आधी सुख आलं. दुसरा शब्द नाही त्याला. "माझ्याशीच बोलत होती," ती नवऱ्याला म्हणाली, एखादी आनंदाची बातमी द्यावी तशी. "ऐकलंत ना? शुद्धीत होती. मलाच सांगत होती." आणि मग त्या सुखाच्या मागून दुसरं आलं, ते मी येताना बघितलं आणि मला काही करता आलं नाही. "आणि मी उद्या म्हटलं."

शिंपी भिंतीला टेकून खाली बसले. मोजपट्टी तोंडात धरून रडत होते, आवाज बाहेर फुटू नये म्हणून. मी तिथेच उभी राहिले. माझेही डोळे भरून आले होते, आणि विद्यार्थ्यांसमोर आले असते तर मी एकेकाला वर्गाबाहेर काढलं असतं.

बाई रडली नाही. तिने स्टूल ओढून दिव्याच्या अगदी जवळ घेतलं.

"नक्की कुठला, मॅडम?"

मी पेन्सिलीचं टोक दातावर टेकवलं.

तिने हात कपड्याला पुसले. कपाळावर आलेले केस मागे सारले. चेहरा इतका पुढे नेला की दिव्याचा उजेड तिच्या दोन्ही गालांवर पडला. मग शाळेत जायच्या घाईत एखाद्या सकाळी म्हणावं, तशा साध्या आवाजात ती म्हणाली,

"हं, आ कर बघू."