सासऱ्यांची गाडी बंद होईना

सासऱ्यांची जुनी डिझेल स्टेशन वॅगन जावईबापूंनी अंगणात वर्षभर खोलून, घासून, रंगवून पुन्हा जोडली होती. मेकॅनिक बोलवू म्हणणाऱ्या बायकोला "मला काय हात नाहीत?" असं ठणकावलं होतं. आज सासरे बघायला आले. जावयाने किल्ली फिरवली. गाडी खोकली, ठसकली आणि चक्क सुरू झाली! जावयाची छाती गाडीच्या दारात मावेना.

मग ऐटीत त्याने किल्ली बंद केली. गाडी चालूच. किल्ली काढून हातात घेतली, तरी चालूच. घाईघाईने बॅटरीची वायर सोडली, तरी बया धडधडतेच आहे! शेजारणीचे वाळत घातलेले कपडे धुराने काळवंडायला लागले.

"अहो, ही किल्लीने बंद होत नाही," सासरे ओरडले. "स्टिअरिंगखालची मूठ ओढा ना, तार लावलेली, तिने डिझेल तुटतं!"

"ती होय?" जावई पुटपुटला. "कशाचीच वाटेना, म्हणून भंगारात दिली."

सासरे आत बसले, ब्रेक दाबून चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि मान टाकली.

तेवढ्यात शेजारीण तणतणत आली. "कुणाचा हा उपद्व्याप?"

"माझाच," सासरे म्हणाले. "म्हातारा झालोय, विसरतो."

"नाही, मी..." एवढे दोन शब्द जावयाच्या ओठांवर आले, पण त्याने बॉनेट उघडलं. शेजारीण सासऱ्यांना मनसोक्त झापत राहिली आणि जावई बॉनेटमध्ये डोकं खुपसून नसलेला बिघाड शोधत राहिला.