कुसळगावच्या मधल्या फेऱ्या

मित्रांनो, जगात सर्वांत जास्त लाथा खाऊनही ज्याने कधी तक्रारीसाठी तोंड उघडले नाही, असा महात्मा एकच झाला. तो महात्मा मी. तोंड उघडले नाही याचे कारण एवढेच की ते चामड्याच्या वादीने आवळून बांधलेले होते.

मी एक जुना फुटबॉल आहे. बाहेर गाईचे कातडे, आत रबराचा फुगा, अशी माझी घडण. मला विलायतेत शिवले की कानपुरात, हे मला ठाऊक नाही. मोमिनाबादच्या छावणीत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत, घोडदळाचे गोरे साहेब संध्याकाळी माझ्याशी खेळत. पुढे रिसाला हलला. साहेब गेले, घोडे गेले, आणि सामानात जागा नाही म्हणून मी मागे राहिलो. जाताना एका साहेबाने मला मदारखाँ दफेदारांच्या हाती दिले. दफेदार नोकरी संपवून मांजरसुंब्याकडे राहायला आले, आणि त्यांनी तिथल्या माळावर दोन गावांना हा खेळ लावून दिला. एक कुसळगाव, दुसरे उंबरठाण. दफेदार धोरणी माणूस. मला त्यांनी कुसळगावच्या भगवानरावांकडे ठेवले आणि शिट्टी उंबरठाणच्या त्रिंबकरावांकडे. कोणालाही एकट्याला खेळता येऊ नये.

सामना वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. गडी मात्र ठरायचे गुढीपाडव्याला. आपल्याकडे पाडव्याला सालगडी धरतात ना, तसेच. प्रत्येक गावाचे स्वतःचे चार गडी आणि बाकीचे सात आसपासच्या वाड्यांतले. वाड्यांना स्वतःचा संघ नसे. त्यांची माणसे पिंपळाखाली ओळीने बसत, आणि भगवानराव एक, त्रिंबकराव एक, असे आळीपाळीने उचलत. अशा सात फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत काही अक्कल लागत नाही, कारण पट्टीचे गडी साऱ्या मुलखाला माहीत असतात. शेवटच्या दोन फेऱ्यांतही लागत नाही, कारण उरलेलेच घ्यायचे असतात. अक्कल लागते ती मधल्या तीन फेऱ्यांत.

आणि एक नियम होता. जे गाव सलग पाच पोळ्यांत एकदाही जिंकणार नाही, त्याचा निवडीचा मान गेला. ते गाव मग वाडी. त्याची माणसे पिंपळाखाली ओळीने बसणार.

भगवानराव बैलांचे नामांकित पारखी होते. बाजारात त्यांनी हात ठेवलेला बैल दुसरा कोणी पाहतसुद्धा नसे. त्यामुळे मधल्या फेऱ्या आल्या की ते उठत, माणसाभोवती एक चक्कर मारत, खांदा दाबत, आणि म्हणत, "आ कर."

पहिल्या वर्षी तिसऱ्या फेरीत त्यांनी आश्रुबाला घेतले. मान जाड, छाती रुंद, दात जुळलेले. सामन्यात मी त्याच्या पायात आलो आणि तो मला घेऊन सरळ निघाला. गोल डावीकडे राहिला. आश्रुबा बांधापर्यंत गेला, तिथे वळला, आणि शेजारच्या तासाने परत आला. त्याने तेवढ्या वेळात माळ नांगरून काढला असता.

दुसऱ्या वर्षी दोन सख्खे भाऊ. "जोडी फोडू न्हाई," म्हणून चौथी आणि पाचवी अशा दोन फेऱ्या त्यांच्यावर गेल्या. दोघे खांद्याला खांदा लावून पळत. सामन्याच्या दिवशी धाकट्याला हिवताप आला, तर थोरला मैदानात उतरेना. तिसऱ्या वर्षी गोलात उभे करायला एक फार शांत माणूस घेतला. "लेकरं अंगावर चढू द्या, मारायचा न्हाई," असे भगवानरावांनी चार लोकांत सांगितले. ते खरे निघाले. मी वेगाने आलो तेव्हा त्या भल्या माणसाने बाजूला होऊन मला वाट दिली. चौथ्या वर्षाचे मी सांगत नाही. त्या गड्याचे चुलते अजून हयात आहेत.

या चारही वर्षी ओळीच्या टोकाला धुळाजी नावाचा शेळ्या राखणारा धनगर बसे. किडकिडीत, एक पाय किंचित वाकडा, आणि बोकडाच्या धडकेने पुढचे दोन दात पडलेले. दरवर्षी भगवानराव त्याला "आ कर" म्हणत आणि पुढे जात. दरवर्षी त्रिंबकराव त्याला पाचव्या फेरीत घेत. आणि दरवर्षी तो आमच्या गोलात मला घालून येई. पळणाऱ्या शेळीला आडवे कसे जायचे, हे ज्याला कळते त्याला फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही.

त्रिंबकराव म्हणजे भगवानरावांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा, सख्खा भाऊ. त्यामुळे हरणे घरापर्यंत येई. चौथ्या पराभवानंतर वच्छलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आवो, एक इचारू का? चेंडू काय दातानं खेळायचा आसतो?"

"तुला कळत न्हाई. जनावराची सारी हकीकत दातात आसती."

"मग माझे दात कवा बघितलेते?"

"तुला पहिल्या फेरीत घेतलतं. पहिल्या फेरीत बघत न्हाईत."

"बगायला पायजे होतं. म्या तरी बगायला पायजे होतं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "त्या धुळाजीला घ्या. न्हाईतर पुढच्या पाडव्याला तुमीच बसा वळीत, अन् माझा भाऊ म्हनंल, दाजी, आ करा."

भगवानराव त्या दिवशी जेवले नाहीत. पण पाडवा आला, तिसरी फेरी आली, आणि ते उठून सरळ ओळीच्या टोकाला गेले. चक्कर नाही, खांदा नाही. "धुळाजी, ऊठ."

पिंपळाखाली कुजबुज झाली. त्रिंबकराव हसून म्हणाले, "दाजी, दात बघितले का?"

"न्हाई बघितले."

धुळाजीच घाबरला. "मालक, मला कावून घेतलं?"

"घरच्या मानसानं सांगितलं," भगवानराव म्हणाले. चाळीस वर्षे बैल पारखणारा माणूस बायकोच्या सांगण्यावरून निवड करतो, हे त्यांनी साऱ्या मुलखासमोर कबूल केले. मित्रांनो, मी पुष्कळ लाथा पाहिल्या आहेत. एवढी मोठी कोणी निमूट खाल्लेली पाहिली नाही.

आता पोळा उरला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते, हे तुम्हाला माहीत आहेच. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची, उद्याचे आवतण द्यायचे. भगवानरावांनी दोन्ही बैल मळून झाल्यावर मला खुंटीवरून काढले. म्हणाले, "तूबी लई सोसलं बाबा." आणि हातात उरलेले तूप त्यांनी मला चोळले. ते संपले तेव्हा करडईचे तेल घेतले. शिवणीत बोटे घालून चोळले. तोंडाची वादी सैल करून आतपर्यंत चोळले.

माझ्या जन्मात मला हात लावणारे कोणी नव्हते, सारे पायच लावत. मला फार बरे वाटले. कातड्याला तूप मानवते, रबराला तेल मानवत नाही, हे मला सांगता आले असते तरी त्या वेळी मी सांगितले नसते.

पोळा झाला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी माळावर चिखल होता. उंबरठाणने एक गोल केला. धुळाजीने तो फेडला. सारे कुसळगाव बांधावर उभे होते, बाया-माणसे एका बाजूला. बरोबरी चालणार नव्हती, जिंकायलाच हवे होते. वेळ संपत आली म्हणून पंच असलेल्या दफेदारांनी घड्याळ काढून हातात धरले, आणि तेवढ्यात मी पुन्हा धुळाजीच्या पायात आलो. त्याने एकाला डावीकडून चुकवले, दुसऱ्याला उजवीकडून. समोर फक्त गोल. त्याने वाकडा पाय मागे नेला आणि मला मारले.

मी फुटलो.

बार झाल्यासारखा आवाज झाला. गोलात उभा असलेला गडी चिखलात पालथा पडला. मी चपटा होऊन, एखादे ओले पायताण भिरकावावे तसा त्याच्या डोक्यावरून गेलो आणि गोलाच्या दोन खुंटांच्या पलीकडे पडलो. कुसळगावने आरोळी ठोकली. त्रिंबकराव धावत आले. "कसला गोल बे? हे तर कातडं हाय!"

दफेदारांनी मला दोन बोटांत उचलले आणि बराच विचार केला. न्यायी माणूस. "चमडा अंदर गया," ते म्हणाले, "हवा बाहरच रह गई. आधा गोल होता नै. खेल बराबर." मग त्यांनी मला नाकाशी नेले. "इसकू तेल किसने लगाया?"

भगवानराव पुढे आले. तळहात अजून हळदीने पिवळे होते. "म्या," ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की रडण्यासाठी, ते मला चिखलातून दिसले नाही. त्या आल्या, दफेदारांच्या हातून मला घेतले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला. मानूस तर बरोबर निवडला व्हता ना? चला घरी."

पुढच्या पाडव्याला कुसळगाव ओळीत बसले, आणि त्याच्या जागी एक वाडी निवडायला उभी राहिली. दफेदारांनी दुसऱ्या एका छावणीतून नवा चेंडू मिळवला होता. पहिल्या फेरीत त्रिंबकरावांनी धुळाजीला उचलले. चौथ्या फेरीत ते भगवानरावांसमोर येऊन थांबले. "दाजी," ते म्हणाले, "आमच्या गाड्यांचे बैल सामन्याच्या दिवशी बुजतात. सांभाळायला येता का?" भगवानराव उठले, धोतर झटकले आणि गेले. त्या वर्षी एकही बैल बुजला नाही. मधल्या फेरीतली एवढी नेमकी निवड त्या माळावर पुन्हा झाली नाही.

माझ्यात वच्छलाबाईंनी चिंध्या भरल्या, टाके घातले आणि मला गोठ्यातल्या टोपलीत ठेवले. मित्रांनो, वस्तूवर जीव लावा, पण तिला काय मानवते ते आधी विचारा. माणूस घ्याल तर कामासाठी घ्या, दातांसाठी घेऊ नका. माझी शिवण उसवत चालली आहे, फार बोलवत नाही. एवढेच करा, जाता जाता ही तांबडी कोंबडी माझ्यावरून उठवा. दोन महिने झाले, ती पिल्लाची वाट पाहते आहे.