हिराने शोधलेला पिवळा

सोमवार उजाडला की महादू भगताच्या खळ्यात ही झुंबड! कोणी होडीने खाडी ओलांडून आलेला, कोणी तीन कोस चालत. "उतरली रे उतरली! बघा, पोटातली कावीळ भायर इली!" असं ओरडत भगत परातीतलं पिवळंधमक पाणी गर्दीला दाखवायचा. बाया हात जोडायच्या आणि शेजारच्या टोपलीत नारळ टाकायच्या. कावीळ उतरो न उतरो, टोपली भरायची.

त्या सोमवारी खळ्याच्या दगडी गडग्यापाशी परशुराम गुरुजी उभे होते. समोर पाटावर त्यांच्या चौथीतली हिरा बसली होती. डोळे पिवळे, मान कलंडलेली. तिच्या बापाला, धोंडूला, गुरुजींनी आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं होतं, "मालवणच्या दवाखान्यात ने." धोंडूने मान डोलावली आणि सकाळी पोर इथे आणून बसवली.

हिरा म्हणजे वर्गाची रंगारीण. सन अठ्ठावन्नच्या त्या शाळेत खडू मिळायची मारामार, रंगपेटी कुठली? म्हणून गुरुजींनी पोरांना सांगितलं, रंग आपणच शोधायचे आणि आपल्या गावाचा नकाशा भिंतीवर रंगवायचा. कोकमाचा लाल निघाला, चुलीतल्या कोळशाचा काळा. पिवळ्यासाठी हळद आणावी तर आयांच्या शिव्या. शेवटी हिराने आंब्याच्या झाडाची साल दगडावर उगाळली, आजीच्या पानाच्या डब्यातल्या चुन्याची निवळी तिच्यात ओतली आणि किंचाळली, "गुरुजी, इलो!" नकाशातली सगळी वाळूची पुळण तिच्या रंगाने रंगली.

भगताने हिराच्या हातांना मंतरलेलं पाणी चोळलं. मग आपले तळवे तिच्या कोपरापासून बोटांपर्यंत ओढले. परातीत पिवळं ओघळलं. हिराने डोळे उघडून ते पाहिलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, ह्यो तर आमचो आंब्याचो रंग."

"कावीळ डोक्यात चढली हा तिच्या!" भगत खेकसला.

गुरुजी तरातरा पुढे घुसले. खळ्यातल्याच आंब्याची साल त्यांनी खरवडली, उगाळली, आपल्या तळव्यांना चोळली. गर्दीतल्या म्हाताऱ्या कृष्णाबाईकडून चुना घेऊन त्याची निवळी धोंडूच्या हातांना लावली आणि तळवे ओढले. पिवळंधमक!

"धोंडू, तुला कावीळ आहे?"

"नाय, गुरुजी."

"मग हे काय उतरलं? साल ह्याच्या तळव्यांना, चुना पोरीच्या हातांना. दोन्ही भेटले की रंग होतो, बस्स! बरेचसे रोगी विश्रांतीने आपसूक बरे होतात, त्याचं श्रेय हा घेतो. जे मरतात त्यांचं म्हणे नशीब खोटं! उचल हिराला, मालवणची होडी लागली आहे."

मग कृष्णाबाईने गुरुजींपुढे हात जोडले. "देवा रे! गुरुजींच्या हातानय उतरता!"

"माझी विद्या चोरल्यान!" भगताने डाव साधला. "धोंडू, हिराचो उतारो तीन सोमवारांचो. मदी दवा दिलास तर रोग उलटतलो."

धोंडूने गुरुजींकडे पाहिलं, भगताकडे पाहिलं. तोवर होडी निघून गेली.

तिसरा सोमवार हिराने पाहिलाच नाही.

महिन्याभराने एका सकाळी गुरुजी शाळा उघडायला आले तर पडवीत रांग! चार रोगी आणि शेवटी धोंडू. त्याच्या मांडीवर धाकटा सत्यवान, डोळे पिवळे.

"भगत म्हणता, गुरुजींनी हात घातलो म्हणान हिराचो उतारो मोडलो," धोंडू म्हणाला. "म्हंजे तुमचोच हात भारी. त्या दिवशी तिका तुमीच उतरवूक होया होता. ह्येका तरी उतरवा."

गुरुजींना वाटलं, साल घासावी, पिवळं काढून दाखवावं आणि म्हणावं, आता दवाखान्यात ने. पोर तरी जगेल. पण उद्या रांग दुप्पट होईल, आणि हिराच्या रंगाचा अंगारा होईल. ते त्यांच्याने होईना. त्यांनी बरोबर केलं की चुकलं, ही गोष्ट सांगणाऱ्या मलाही सांगता येत नाही.

सत्यवानच्या हातांना धोंडूने घरूनच चुना लावून आणला होता. गुरुजींनी तांब्याभर पाणी ओतून ते हात धुतले. पाणी पांढरट वाहिलं.

"बघ. माझ्या हाताला साल नाही, तर पिवळंही नाही. हातात देव नसतो रे, धोंडू. माझ्या नाही, महादूच्याही नाही. डोळ्यांनी पाहिलंस ना? मग डोक्याने विचार कर. चल मालवणात. शाळेला सुट्टी देतो, मी येतो बरोबर."

धोंडू त्या पांढऱ्या पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने पोर खांद्यावर घेतलं.

"पिवळा नाय इला," तो बाकीच्यांना म्हणाला. "गुरुजींच्या हाताचो गुण गेलो. चला, भगताकडेच जावया."

"धोंडू, होडी लागली आहे!" गुरुजी मागून धावले. कोणी वळून पाहिलं नाही.

बाबांनो, ह्याहून सोपं कसं सांगायचं? पाणी पिवळं झालं तर साल शोधा. पोर पिवळं झालं तर डॉक्टर गाठा. चौथीतल्या पोरीने मरता मरता ओळखलं होतं.