ज्योतीरामच्या घशातला गोळा

चाकणच्या एका कंपनीत ज्योतीराम क्वालिटीला होता आणि त्याच्या नजरेतून केसाएवढा तडा सुटत नसे. ट्रेमधला प्रत्येक पार्ट तो उजेडाकडे धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि 'रिजेक्ट' म्हणताना त्याला असा आनंद व्हायचा, की बघणाऱ्याला राग यावा. असा माणूस एकदा स्वतःच्या घशाकडे वळला की घरादाराचं काय होतं, ते सांगायचं आहे.

झालं असं, की गणपतीच्या सुमारास त्याच्या घशात गोळा आला. म्हणजे आल्यासारखा वाटला. आवंढा गिळला की तिथेच काहीतरी बसलेलं. खाकरलं तरी हलेना, पाणी प्यायलं तरी जाईना. त्यात पलीकडच्या लाइनवरचा एक जण घशाच्या कॅन्सरनं गेल्याची बातमी त्याच आठवड्यात आली. तो बिचारा दिवसभर तंबाखू चघळायचा आणि ज्योतीराम सुपारीलाही शिवत नसे, पण भीतीला एवढं कुठलं कळायला! त्या दिवसापासून ज्योतीराम मनातल्या मनात मरायला लागला.

मनातल्या मनात हे आपलं म्हणायचं म्हणून. प्रत्यक्षात थेरगावातल्या त्याच्या सगळ्या बिल्डिंगला कळलं. तो जिन्यात शिरला की असा खाकरायचा, की दुसऱ्या मजल्यावरच्या प्रभावतीकाकू "सुटली वाटतं शिफ्ट" म्हणत चहा टाकायच्या. घरी त्याच्या बायकोला, रुपालीला, रोज सकाळी मोबाइलची बॅटरी त्याच्या तोंडात मारून उभं राहावं लागे.

"काय दिसतंय?"

"पडजीभ."

"कशी हाय?"

"लोंबतीय. तिचं कामच हाय ते."

"नीट बघ की जरा! मागं लाल-बिल?"

"अहो, मिटा आता तोंड. हात भरून आला माझा."

कंपनीत काही बिघडलं की 'व्हाय-व्हाय' करतात. का बिघडलं, ते विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही 'का' विचारायचं, आणि असं खणत खणत मुळाशी जायचं. ज्योतीरामच्या शेजारी बसून डबा खाणारा प्रभाकर यात एवढा मुरलेला होता, की त्याला नुसतं "बरा आहेस का?" विचारलं तरी तो "बरा का नसेन?" असं सुरू व्हायचा. त्यानं एका दुपारी कँटीनमध्ये ज्योतीरामच्या घशाची व्हाय-व्हाय घेतली.

"गोळा का आला? घास नीट खाली गेला नाही. का नाही गेला? तू घाईत खातोस. घाई का? कंपनीची बस सुटेल म्हणून. बस का सुटेल? ड्रायव्हर वेळेवर येतो म्हणून." प्रभाकरनं टेबलावर थाप मारली. "सापडलं राव मूळ! ड्रायव्हर बदला."

ड्रायव्हर काही बदलता येईना. मग प्रभाकरनं दुसरा इलाज काढला: ज्वारीची कोरडी भाकरी, मोठाले घास, आणि वरून पाण्याचा थेंब नाही. गोळा आपोआप खाली ढकलला जाईल. हे ज्योतीरामला लगेच पटलं. पाइपात अडकलेला पार्ट मागून दुसरा लावून ढकलताना त्यानं पाहिलं होतं.

झालं, घरात पोळी बंद. रुपाली भाकऱ्या थापायची, ज्योतीराम घशावर हात ठेवून तीन-तीन भाकऱ्या हाणायचा, मुलगा गणराज आकुर्डीच्या कॉलेजला पळता पळता दोन कोंबायचा. सगळ्यांचं उरकलं की रुपाली ओट्यापाशी बसून जेवायची. तिची आई तशीच जेवायची, सासूही तशीच जेवायची. तिच्या ताटात काय आहे, ते बघायला तिथे कुणी नसायचं. ज्योतीराम तेव्हा सोफ्यावर मान वर करून घसा चाचपत बसलेला असायचा.

दिवाळी गेली तरी गोळा जागचा हलेना. शेवटी रुपालीच वैतागली. "डांगे चौकात कान-नाक-घशाच्या बाई हायत, त्यांना दाखवा. न्हाईतर उद्यापासून मी बॅटरी धरणार न्हाई."

ही धमकी लागू पडली. मात्र एकट्यानं जायचा त्याला धीर होईना. वाईट काही सांगितलं तर ऐकायला कुणीतरी हवं, म्हणून त्यानं रुपालीलाही बरोबर नेलं.

डॉक्टर विजयश्री शांत बाई होत्या. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा आत सरकवला, तेव्हा ज्योतीराम असा काही ओरडला, की बाहेर बसलेल्यांपैकी दोघं नंबर सोडून निघून गेले.

"आत सगळं स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"मग गोळा?"

"गोळा नाहीये. गोळा असल्यासारखं वाटतंय. पोटातलं आम्ल वर येतं, मनाला काळजी असते, घसा आवळून धरला जातो. तुम्हाला वाटतं म्हणून तुम्ही खाकरता आणि खाकरता म्हणून आणखी वाटतं. जेवताना जाणवतं का?"

ज्योतीरामनं आठवून पाहिलं. जेवताना गोळा नसायचा. एवढी बारीक नजर असून हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"मग घाबरू नका. खाकरणं सोडा, घोट घोट पाणी प्या, जेवल्या जेवल्या आडवे होऊ नका. आणि ते मघाशी सांगितलंत ना, कोरड्या भाकरीनं ढकलणं, ते आजपासून बंद. तरी एक-दोन गोष्टी विचारते, कारण त्या असल्या तर मी कुणाला घरी बसू देत नाही. घास छातीशी अडकतो का?"

"न्हाई," ज्योतीराम म्हणाला.

"अडकतो की," रुपाली म्हणाली.

ज्योतीराम उखडला. "अगं, मला कुठं अडकतो? तीन भाकऱ्या खातो मी!"

"तुमचं न्हाई हो. मी माझं सांगतीय."

डॉक्टरांनी खुर्ची वळवून रुपालीकडे तोंड केलं. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून असंल. आधी भाकरीच अडकायची. आता भातबी थांबतो मधी. पाणी प्यालं की उतरतो." रुपाली ओशाळून हसली. "म्हणलं, वय झालं की घसा बारीक होत असंल."

"वजन?"

"केलं न्हाई. पण ब्लाउज दोनदा आत घेतलेत."

"तू बारीक झालीस म्हणून मी कौतुक केलं होतं!" ज्योतीराम म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"छातीत जळजळ?"

"ती लई जुनी. सोडा पिते मी."

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "घास अडकणं आणि वजन उतरणं, हे अंगावर काढायचं दुखणं नाही. उलटीत रक्त, काळी शौच, आठवडेच्या आठवडे बसलेला आवाज, हेही अंगावर काढायचं नाही. आणि एखादा घास असा बसला की थुंकीसुद्धा गिळता येईना, तर माझ्याकडेही येऊ नका, तडक मोठं हॉस्पिटल गाठा. याच आठवड्यात एंडोस्कोपी करून घ्या."

नंबर ज्योतीरामचा होता आणि चिठ्ठी रुपालीच्या नावाची निघाली. डांगे चौकातून घरी येईपर्यंत तो एकदाही खाकरला नाही. तो घाबरला होता, आणि पहिल्यांदाच स्वतःसाठी घाबरला नव्हता.

पुढचं आधीच सांगून टाकतो, तुमचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. वर्षानुवर्षांच्या आम्लानं रुपालीची अन्ननलिका खालच्या बाजूला आखडली होती. डॉक्टरांनी आत फुगा घालून ती रुंद केली, तुकडा तपासायला पाठवला, त्यात वाईट काही निघालं नाही, आणि औषधं सुरू झाली. आता उरलंय ते त्याच्या आधीचं, एंडोस्कोपीच्या दिवशी सकाळचं.

त्या आठवड्यात ज्योतीरामनं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. रजा टाकली, गावाकडच्या सगळ्यांना फोन लावून रडवलं, प्रभाकरला व्हाय-व्हाय करू दिली नाही. रुपालीला मऊ खायला हवं म्हणून स्वतः मुगाची डाळ आणली आणि रोज खिचडी करायचं फर्मान काढलं. त्यामुळे हॉस्पिटलात सिस्टर आल्या तेव्हा तो खाटेपुढे छाती काढून उभा होता.

"पेशंटनं काल शेवटचं काय खाल्लंय?"

"मुगाची खिचडी," ज्योतीराम ठणकावून म्हणाला. "मऊ, पातळ."

"ती तुमी अन् गणराजनं खाल्ली," रुपाली पडल्या पडल्या म्हणाली. "सिस्टर, मी टोस्ट खाल्ला, चहात भिजवून. लई महिने झाले, रात्री तेवढंच खाते."

सिस्टरनं ज्योतीरामकडे पाहिलं. "तुम्ही कोण यांचे?"

"नवरा," तो म्हणाला आणि काढलेली छाती त्यानं आत घेतली.

सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. ज्योतीराम उभाच राहिला. मला का सांगितलं नाहीस, असं विचारायला त्याला तोंड नव्हतं. एकाच घरात तो तीन भाकऱ्या खात होता आणि भिंतीपलीकडे ही टोस्ट भिजवत बसली होती. मग तो म्हणाला, "कुठला टोस्ट? जिऱ्याचा का?"

"न्हाई, साधा. जिरं टोचतं."

जिरं टोचतं, हे ज्योतीरामला माहीत नव्हतं. त्यानं तोंड फिरवलं, पण वॉर्डातल्या सगळ्यांना दिसायचं ते दिसलंच: तो रडत होता.