अठराशे सत्तेचाळीसची इमारत

भांडी बाजारातल्या वाल्मीकशेठ तांबटांना कुणी नुसतं "कसं काय?" विचारलं, तरी ते उत्तराला इमारतीपासून सुरुवात करत. "अहो, अठराशे सत्तेचाळीसची आहे! सत्तावनचं बंड व्हायचं होतं तेव्हा!" दुकानाच्या दारावर दगडात 'श्री १८४७' असं कोरलेलंच होतं. आता दगड काय खोटं बोलतो? समोरच्या शेखरशेठच्या इमारतीवर इंग्रजी आकड्यांत १९११. झालं! तुझी इमारत माझ्या इमारतीची पणती लागते, हे त्या बिचाऱ्यानं चाळीस वर्षं ऐकून घेतलं.

बांधली कुणी, ते मात्र घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी एक बडा पूर्वज होऊन गेला, पालखीतून फिरायचा, एवढंच. वाल्मीकशेठ दरवर्षी त्या पालखीला एकेक भोई वाढवत.

यंदा बाजारातल्या दुकानदारांनी जुन्या इमारतींवर पितळी पाट्या लावायचं ठरवलं. सगळ्यात जुनीवर तसं ठळक लिहायचं. वाल्मीकशेठना तर आठवडाभर झोप नव्हती. मजकूर लिहायचं काम दीपमालाकडे आलं. ही पोरगी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला, आठवडाभर सुटे भाग मापते आणि रविवारी लोकांना जुनं नाशिक दाखवत हिंडते. ऐकीव गोष्ट काही तिच्या गळी उतरत नाही.

"काका, या लोखंडी तुळया बघा," ती म्हणाली. "अठराशे सत्तेचाळीसला इथं रेल्वेसुद्धा नव्हती. या आल्या कशातून?"

"बैलगाडीतून!"

"बरं. मग वास्तुशांतीला आलेलं एखादं भांडं असेल ना? नाव घातलेलं?"

मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं कुणी देतं का? कोण, कुणाला, कशासाठी, सगळं ठोकून ठेवायचं, म्हणजे उद्या वाद नको. वाल्मीकशेठचा जन्म गेला लोकांच्या भांड्यांवर नावं घालण्यात, पण स्वतःच्या माळ्यावर काय आहे ते कधी वाचलं नव्हतं. त्याच दुपारी ते माळ्यावर चढले. कोपऱ्यात एक काळं ठिक्कर घंगाळ सापडलं. चिंचेनं घासलं तशी ठिपक्यांची अक्षरं वर आली.

'चि. त्र्यंबक नारायण तांबट यास नवे घर बांधिले त्याचे वास्तुशांतीस मामाकडून. वैशाख शु. १०, शके १८४७.'

शके! वाल्मीकशेठनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. रोज सकाळी पंचांग उघडणारा माणूस, आणि एवढं लक्षात येऊ नये? शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की एकोणीसशे पंचवीस. म्हणजे शेखरच्या इमारतीपेक्षा चौदा वर्षांनी धाकटी!

खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो घंगाळ परत कोपऱ्यात ढकलायचा. सापडलं नाही म्हणायचं, दीपमाला काय माळ्यावर चढणार आहे? त्यांनी ढकललंही.

पण त्र्यंबक हे नाव काही डोळ्यांपुढून हलेना. त्र्यंबक म्हणजे त्यांचे सख्खे आजोबा. घण मारून मारून ठार बहिरे झालेले, कुणाशी न बोलणारे. आजी लवकर गेली, वडील नांदगावला मामाकडे वाढले. मोठे होऊन परतले ते दगडावरचं साल वाचत. तेव्हापासून घरात एकच टकळी: पूर्वजांनी बांधलं, यांनी आयतं भोगलं. दहा वर्षांच्या वाल्मीकनंही एकदा आजोबांच्या तोंडावर म्हटलं होतं, "तुम्ही काय केलंत हो?" आजोबा नुसते हसले होते. ऐकूच आलं नाही तर उत्तर काय देणार?

वाल्मीकशेठना स्वतःची लाज वाटली. त्यांनी घंगाळ पुन्हा ओढलं, खांद्यावर घेतलं आणि थेट दीपमालाचं घर गाठलं.

रविवारी बाजार लोटला होता. 'सर्वांत जुनी' ही पाटी शेखरशेठच्या दारावर चढली. मग वाल्मीकशेठच्या पाटीवरचं फडकं शेखरशेठनंच ओढलं आणि मोठ्यानं वाचलं: 'ही इमारत त्र्यंबक नारायण तांबट यांनी बांधली. शके १८४७, इसवी सन १९२५.'

"पणती कोण, आजी कोण, आता सांग!" शेखरशेठ ओरडले. "चाळीस वर्षांचं व्याजासकट घेणार आहे मी!"

"घे बाबा, हक्क आहे तुझा." वाल्मीकशेठनी भर बाजारात कान धरले. लोक खो खो हसले. "पण शेखर, तुझी कुणी बांधली रे?"

"कुणास ठाऊक! आम्ही सत्तर साली विकत घेतली."

"माझी माझ्या आजोबांनी बांधली," वाल्मीकशेठ म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. जुनेपणाचा मान गेला म्हणून रडतात, असं वाटून शेखरशेठ गडबडीनं पाठीवर हात फिरवू लागले.

वाल्मीकशेठनी तो हात बाजूला केला. पाटीला पार तोंड लावून, बहिऱ्या माणसाशी बोलतात तशा आवाजात ते ओरडले, "आजोबा! तुम्ही बांधलंत! चुकलो हो मी!"

अख्खा बाजार वळून बघायला लागला. ते आणखी एकदा ओरडले.